पाच बसून, तीन उभे

तांबवडीत बारावीचे विषय घरी राहायला येतात, आणि ज्या विषयात नापास व्हाल तो परत जात नाही.

सोळा जूनला सकाळच्या गाडीनं ते स्टँडवर उतरतात. काखेत वळकटी, हातात ट्रंक आणि गळ्यात घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. तिथून चालत आपापल्या घरी जातात, वर्षभर राहतात, जेवतात, पोरांच्या मागं लागतात आणि निकाल लागला की ट्रंक उचलून चालू पडतात. गावाला याचं नवल नाही. नवल असतं ते कुणाच्या घरी किती उतरले याचं. मुलगी बघायला आलेली माणसंसुद्धा आधी विचारतात, "बारावीला किती होते?" सहा म्हटलं तर नुसती मान हलवतात, आठ म्हटलं तर मांडी घालून बसतात.

बिराजदार मास्तरांनी गेल्या साली नऊ घेतले. घर तीन खोल्यांचं, त्यात नऊ विषय, नवरा-बायको आणि मास्तरांची आई. मुलगा काही मावेना. शेवटी त्याला मामाकडे अक्कलकोटला पाठवला आणि विषय घरी ठेवले. विद्यार्थ्यानं विषयांसोबत राहावं असं नियमात कुठंही लिहिलेलं नाही. निकाल शहाऐंशी टक्के लागला. मास्तरांनी चौकात फलक लावला, पेढे वाटले, आणि मुलगा तेवढा परत आला नाही. विचारलं की म्हणतो, यायचं कशाला.

ज्ञानदेव दुधाळ तो फलक रोज कामावर जाताना वाचत. ते एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक. एकोणीस वर्षं भरलेल्या गाड्यांत माणसं भरण्यात गेली, त्यामुळे जागा ही काही असावी लागत नाही, ती करावी लागते, असं त्यांचं पक्कं मत झालं होतं. घरात बायको छाया, मुलगी कस्तुरी, आणि माळ्यावर इंग्रजी.

ही इंग्रजी ज्ञानदेवांच्या बारावीतली. ते तिच्यात तीनदा बसले आणि तीनदा आपटले. मग त्यांनी नाद सोडला. तिला मात्र जाता येईना. चोवीस वर्षं ती तिथंच होती. लग्न झालं तेव्हा छायाबाईंनी तिलाही वाकून नमस्कार केला होता. कस्तुरी तिला आत्या म्हणायची. आत्या फार खात नसे, मध्येच जुन्या अभ्यासक्रमातलं काहीतरी पुटपुटत असे, आणि पाहुणे आले की माळ्याचा पडदा ओढून घेत असे.

यंदा कस्तुरी बारावीला गेली. मे महिन्यातच तिनं सांगून टाकलं, "मी पाच घेणार. इंग्रजी, गणित, फिजिक्स, केमिस्ट्री आणि भूगोल."

"पाच?" ज्ञानदेव म्हणाले. "आगं, पाच म्हणजे काय आकडा झाला का? बायोलॉजी ठेव, मेडिकलची वाट मोकळी राहती. संस्कृत ठेव, टक्के चढत्यात. इलेक्ट्रॉनिक्स ठेव, दोनशे मार्काचं आहे ते."

"वाट मोकळी ठेवायची म्हणून घर भरायचं का, बाबा?"

"जरा सरकून घेतलं की बसत्यात सगळी."

"बसतील की. पण पाचांना मी वाचीन. आठांना नुसती सांभाळीन."

ज्ञानदेवांनी हे ऐकून घेतलं. ऐकून घेणं आणि मानणं यांत तांबवडी ते सोलापूर एवढं अंतर असतं. त्यांनी विषय निवास कार्यालयातून नमुना नऊ आणला. त्यात एकच रकाना खरा महत्त्वाचा असतो: 'घराची क्षमता'. इतर बाप तिथं आठ, नऊ असा आकडा टाकून मोकळे होतात. ज्ञानदेवांचा हात सवयीनं चालला. त्यांनी लिहिलं, "बसून पाच, उभे तीन."

कार्यालयातले विस्तार अधिकारी नदाफ साहेब यांनी तो अर्ज दोनदा वाचला. घरात उभ्यानं राहणारे विषय त्यांनी सतरा वर्षांच्या नोकरीत पाहिले नव्हते. त्यांनी नियमांचं पुस्तक पुढून वाचलं, मग मागून वाचलं, आणि मनाई कुठं सापडली नाही म्हणून शिक्का मारला.

कस्तुरीला हे कळलं ते पंधरा जूनला, बापाच्या शर्टाच्या खिशात पोच सापडली तेव्हा. ती आईला म्हणाली, "उद्या पोहे पाच बशा कर. सहावी करू नकोस."

इथं मिठाची गोष्ट सांगायला हवी. विषय दारात आला म्हणजे घरचा झाला असं नाही. घरच्या माणसानं दिलेला मिठाचा घास त्याच्या पोटात गेला की तो घरचा. त्यासाठी दहा दिवसांची मुदत असते. पंचवीस जूनला संध्याकाळी पाचपर्यंत ज्यानं मीठ खाल्लं नाही, तो परत गेला असं धरायचं. हा नियम सगळ्यांना पाठ आहे आणि कुणी कधी वापरलेला नाही. तांबवडीत विषय दारात दिसला की आया पोहेच पुढं करतात.

सोळा तारखेला साडेनऊला भूगोल सगळ्यांच्या आधी पोचला. त्याला पत्ता विचारावा लागला नाही. पाठोपाठ गणित, फिजिक्स, केमिस्ट्री आणि नवी इंग्रजी. कस्तुरीनं पाचही जणांना नावानं हाक मारून आत घेतलं. छायाबाईंनी पाच बशा दिल्या. भूगोलानं पहिला घास गिळला, बोट चाटलं आणि विचारलं, "शेंगदाणे इथलेच का?" झालं, तो घरचा झाला. पाचही बशा रिकाम्या झाल्यावर कस्तुरी उठली आणि जाऊन उंबऱ्यावर आडवी बसली.

उंबऱ्यावर बसू नये म्हणतात. ती बसली.

समोर अंगणात तिघं उभे होते. बायोलॉजी, जाड चष्मा लावलेली, आल्याआल्या शेजारच्या कोंबड्यांकडे बघत राहिलेली. संस्कृत, ताठ, किडकिडीत, खांद्यावर घडीची शाल. आणि इलेक्ट्रॉनिक्स. ते दोनशे मार्कांचं असल्यामुळं अंगानंही दुप्पट होतं, आणि उभं राहिलं की दारातला उजेड जायचा.

"तुमच्यावर माझा राग नाही," कस्तुरी म्हणाली. "पण मी तुम्हाला आत घेणार नाही."

"आमच्या चिठ्ठीवर हाच पत्ता आहे," संस्कृत म्हणालं.

"पत्ता बरोबर आहे. आकडा चुकलाय."

इलेक्ट्रॉनिक्स बराच वेळ बारीक गुणगुणलं आणि मग म्हणालं, "आम्ही उभेच राहणार होतो. अर्जात तसं आहे."

"तेच म्हणते मी. तुम्ही वर्षभर माझ्या डोक्यावर उभे राहणार आणि मी खाली मान घालून वाचणार. मला नाही जमायचं."

ज्ञानदेव दुपारी घरी आले तर लेक उंबऱ्यावर, विषय अंगणात आणि कुंपणापाशी शेजारपाजार. त्यांनी लेकीला ओलांडलं, आत गेले आणि आवाज चढवला. "छाया, त्यांना पोहे दे."

"संपले," छायाबाई म्हणाल्या.

"मग भात-आमटी दे."

"शिरा केलाय."

छायाबाई अंगणवाडीत सेविका. कुणाच्या पोटात काय गेलं याचा हिशेब ठेवणं हेच त्यांचं काम. त्या दिवसापासून त्यांनी बाहेरच्या तिघांना उपाशी ठेवलं नाही आणि मिठाचा कणही दिला नाही. सकाळी चहा, दुपारी शिरा, संध्याकाळी केळी. दुसऱ्या दिवशी लापशी. तिसऱ्या दिवशी दूधगूळ-पोळी, आणि त्या पोळीच्या कणकेतलं चिमूटभर मीठसुद्धा त्यांनी वगळलं होतं. लेकीची बाजू घेते असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. नवऱ्याला उलट बोलल्या नाहीत. फक्त खारट काही हाताला लागेना.

बापानं स्वतः का नाही दिला घास, असं कुणी विचारील. तांबवडीतला पुरुष दिवसाला दीडशे गाड्या सोडील, पण स्वतःच्या घरात पाहुण्याला बशी भरून देणार नाही. ते बायकांचं काम. या एका अकडीपायी ज्ञानदेवांचे नऊ दिवस गेले.

सातव्या दिवशी बायोलॉजी कासावीस होऊन म्हणाली, "वहिनी, एवढ्या साखरेनं काय होतं ते मी स्वतः शिकवते हो."

"तीनच दिवस काढा," छायाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिला बिनमिठाचं ताक दिलं.

गाव येऊन बोलून जात होतं. कुणी म्हणालं, लक्ष्मी दारात आली आणि पोरगी तोंड धुवायला निघाली. बिराजदार मास्तर तर खास आले, हात मागं बांधून उभे राहिले. "कस्तुरी, माझ्या पोरानं नऊ काढले. तुला आठ जड होतात?"

"तुमच्या पोरानं कुठं काढले, सर? तो अक्कलकोटला होता. नऊ जण तुम्ही काढलेत."

मास्तर दोन पावलं मागं सरले. "लोक म्हणतील, दुधाळाच्या पोरीला पाचच झेपले."

"म्हणू देत. मीच सांगते सगळ्यांना. मला पाच झेपतात. सहावा झेपत नाही. यात लाजायचं काय आहे?"

हे ती इतकं मोठ्यानं म्हणाली की घरातलं गणित दारापर्यंत येऊन बघून गेलं.

खरं तर तिला सगळ्यांत जड गेलं ते संस्कृत. आठव्या दिवशी ते हलकेच तिच्याजवळ येऊन बसलं, उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूला. "अकरा वर्षं मी या गावात येतोय," ते म्हणालं. "दरसाल कुणाच्या ना कुणाच्या घरी. सगळे मला मार्कांसाठी घेतात. तोंडपाठ करतात आणि निकाल लागला की ट्रंक दारात आणून ठेवतात. तू निदान आठ दिवस माझ्याशी बोललीस."

कस्तुरीनं उंबऱ्यावर हात टेकला. जरा सरकलं असतं तर ते आत आलं असतं. एकच तर होतं. पण एकामागून दुसरं येतं, आणि दुसऱ्यामागून दोनशे मार्कांचं.

"मी पण तुम्हाला मार्कांसाठीच घेतलं असतं," ती म्हणाली. "म्हणून नको."

संस्कृतनं शाल सारखी केली. "हे बरोबर आहे," ते म्हणालं, आणि पुन्हा जाऊन आपल्या ट्रंकेवर बसलं.

नववा दिवस रविवार होता. ज्ञानदेवांना सुट्टी होती, आणि सुट्टीच्या दिवशी माणसाला घरातलं दिसतं. सकाळी ते चहाचा कप घेऊन उंबऱ्याशी आले, आतल्या बाजूनं, आणि खाली बसले. बाप-लेकीची पाठ एकमेकांना लागेल इतकं अंतर होतं.

"तुला वाटतं मी हौसेनं करतोय," ते म्हणाले.

"मग कशानं?"

"मला पाचच होते, कस्तुरे. पाचच. त्यातली एक गेली आणि सगळंच गेलं. कॉलेज गेलं, तलाठ्याची परीक्षा गेली. आठ असते तर एक गेली तरी सात हाताशी राहिली असती. माझ्या बापाला हे सुचलं नव्हतं. मला सुचलंय."

कस्तुरीला हे ठाऊक नव्हतं. तिनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी कपात पाहिलं.

"पण ती गेली नाही, बाबा," ती हळू म्हणाली. "ती राहिली. वर माळ्यावर आहे. चोवीस वर्षं तुम्ही घरात खोकतानासुद्धा वर बघून खोकता. आठातले तीन माझ्याकडे राहिले तर मी त्यांना घेऊन कुठं जाऊ? माझ्या सासरी? माझ्या पोरांच्या घरात?"

माळ्यावरचा पडदा हलला. "माझ्यावरून वाद नको," आत्या म्हणाली. चोवीस वर्षांत तिचं मराठी चांगलं झालं होतं.

"तुमच्यावरून नाही हो, आत्या."

"आठ घेतले की भ्या राहत न्हाई," ज्ञानदेव म्हणाले.

"तुमचं. माझं वाढतं." कस्तुरी म्हणाली. "तुम्हाला भीती वाटते म्हणून मी घरात माणसं घेणार नाही. तुमच्यावर माझा जीव आहे, तरीसुद्धा घेणार नाही."

ज्ञानदेव कप घेऊन उठले. चहा तसाच होता.

पंचवीस तारखेला साडेचारला नदाफ साहेब रजिस्टर आणि मनगटावर दोन घड्याळं घेऊन आले. एक सरकारी होतं, एक त्यांचं. त्यांनी अंगणात खुर्ची टाकून घेतली, आतल्या पाचांची तोंडं बघितली, त्यांच्या नावापुढं 'मीठ खाल्ले' असं लिहिलं आणि बाहेरच्या तिघांकडे वळले.

"काय खाल्लं?"

"शिरा," बायोलॉजी म्हणाली, आणि तिला उमासा आला.

पाच वाजायला आठ मिनिटं असताना ज्ञानदेव आले. स्टँडवरून चालत, गणवेशात, हातात कागदाचा पुडा. पुड्यात खारे दाणे होते. नऊ दिवसांची अकड त्यांनी गाडीखाली घातली होती आणि स्वतःच्या हातानं वाढायला ते निघाले होते. छायाबाई दारापाशी आल्या. नवऱ्याचा हात धरायला त्या पुढं झाल्या नाहीत, पण पदरानं त्यांनी तोंड झाकून घेतलं.

"बायोलॉजी बाई, घ्या," ज्ञानदेव म्हणाले.

दहा दिवस गोड खाल्लेल्या माणसाला खाऱ्या दाण्याचा वास काय करतो ते सांगून कळायचं नाही. बायोलॉजीनं हात पुढं केला. इलेक्ट्रॉनिक्स बुडाखालच्या दोन खुर्च्यांसकट पुढं सरकलं. संस्कृतनं मात्र मान फिरवली.

कस्तुरी उंबऱ्यावरून उठली. दहा दिवसांत ती पहिल्यांदा त्या वेळी उठली होती, आणि दार उघडं पडलं. कुणालाही आत जाता आलं असतं. कुणी गेलं नाही. तिनं बापाच्या हातातून पुडा घेतला, उघडला, आणि मूठभर दाणे तोंडात टाकले. मग दुसरी मूठ. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी ती चावत राहिली. दाणे फार खारट होते, स्टँडवरचे असतातच. तळाशी राहिलेलं मीठसुद्धा तिनं तळहातावर उलटं करून चाटलं.

"आगं, आगं," ज्ञानदेव म्हणाले. "पोटात दुखंल."

"दुखू दे," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "हे माझं घर आहे. इथलं मीठ आधी मी खाणार."

नदाफ साहेबांनी दोन्ही घड्याळं पाहिली. सरकारी घड्याळात पाच वाजून गेले होते, त्यांच्या घड्याळात अजून एक मिनिट बाकी होतं. त्यांनी एक मिनिट वाट पाहिली. मग पेन उघडलं.

"एक अडचण आहे," ते म्हणाले. "विद्यार्थिनीनं अधिकाऱ्यासमक्ष मीठ खाल्लं. मला नोंद घ्यावी लागेल. रजिस्टरमध्ये विद्यार्थ्याचा रकानाच नाही. आजवर कुणी विद्यार्थी राहणारा म्हणून लावलेलाच नाही."

"मग काढा रकाना," कस्तुरी म्हणाली.

साहेबांनी विचार केला. मग पट्टी घेऊन एक सरळ रेघ ओढली आणि वाचत वाचत लिहिलं: "राहणार: विद्यार्थिनी एक. विषय पाच. परत: तीन." खाली त्यांनी ज्ञानदेवांची सही मागितली. ज्ञानदेव बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी सही केली, टोपी घातली आणि संध्याकाळच्या पाळीला निघून गेले.

दारात आलेल्याला पोचवायला जायचं असतं. कस्तुरीनं बायोलॉजीची वळकटी घेतली, छायाबाईंनी इलेक्ट्रॉनिक्सची ट्रंक एका बाजूनं धरली, संस्कृतनं आपलं सामान कुणाला घेऊ दिलं नाही. वाटेत दारादारांतून माणसं बघत होती. मीठ न खाताच परत जाणारे विषय गावानं कधी पाहिले नव्हते. स्टँडवर सोलापूरची सव्वासहाची गाडी लागलेली होती. वाहकानं इलेक्ट्रॉनिक्सकडे एकदा बघून दोन तिकिटं फाडली आणि इलेक्ट्रॉनिक्सनंही वाद घातला नाही. बायोलॉजीनं खिडकीतून विचारलं, "ताक कशाचं होतं? फार छान होतं."

"म्हशीचं," छायाबाई म्हणाल्या.

नियंत्रकाच्या खोलीत ज्ञानदेव बसलेले दिसत होते. त्यांनी लेकीकडे पाहिलं नाही. स्टँड भरलेला होता. बाजारचा दिवस, शिवाय बिराजदार मास्तर वृत्तपत्र घ्यायला आलेले. कर्णा खरखरला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. सोलापूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे. या गाडीनं तीन विषय परत जात आहेत. त्यांना बसायला जागा द्यावी."

सगळा स्टँड वळून कस्तुरीकडे बघायला लागला. तिनं मान खाली घातली नाही. प्रत्येक घोषणा दोनदा करायची असा नियम आहे. कर्णा चालूच होता, पण दुसरी घोषणा येईना. आत कुणीतरी श्वास घेतल्याचं तेवढं ऐकू आलं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," ज्ञानदेव म्हणाले. "हे तीन विषय वाहतूक नियंत्रक ज्ञानदेव दुधाळ यांच्या घरून परत जात आहेत. त्यांच्या मुलीनं पाच घेतलेत. तिला पाच झेपतात, आणि तिनं ते तोंडावर सांगितलं. मला चारच झेपत होते, ते मला माझ्या बापाला सांगता आलं नव्हतं."

वाहकानं घंटी मारली. गाडी हलली आणि फलाट सोडून रस्त्याला लागली. घोषणा दोनदाच करायची असते. ज्ञानदेवांनी ती तिसऱ्यांदा सुरू केली, अगदी पहिल्यापासून, आणि तोवर गाडी वेशीबाहेर गेली होती.